कॅमेऱ्यामागची

नव्वदच्या दशकात मी सह्याद्रीतले सुळके चढायचे, इतरांना चढाई शिकवायचे आणि त्यावरच माझं पोट चालायचं. एका सुळक्याच्या चढाईची मी पहिल्यांदाच अर्ध्या तासाची फिल्म केली आणि कॅसेट घेऊन सिल्वासाजवळ नरोलीला घरी गेले. माझे वडील धुळ्याकडून येऊन तिथल्या सूत कारखान्यात फिटर झाले होते.

रविवारी दुपारी त्यांनी भाड्याने व्हीसीआर आणला. चाळीतले कामगार आमच्या खोलीत दाटीवाटीने बसले. पडद्यावर माझे दोन साथीदार बोटांच्या आधाराने उभ्या कातळावर सरकत होते आणि खोलीत कुणी खोकतही नव्हतं. फिल्म संपल्यावर शेजारचे काका म्हणाले, "झकास आहे. पण यात तुमची पोरगी कुठंय?"

मी बोलणार तोच वडील उठले. त्यांनी कॅसेट मागे घेतली आणि जिथे कॅमेऱ्याबरोबर चित्र हलत होतं तिथून पुन्हा सुरू केली. त्या हलण्याची मला लाज वाटत होती.

"हे हलतंय ना, तो हिचा श्वास आहे," ते म्हणाले. "ही त्या दोघांच्या आधी वर चढली, दोराला लटकली आणि मग हिनं त्यांना कॅमेऱ्यात टिपलं."

हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. त्यांनी ते बघून ओळखलं होतं.

"परत लावा," काका म्हणाले.

त्या दुपारी फिल्म तीनदा लागली. तिसऱ्या वेळी कुणी कातळ बघत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि वडील त्यांच्याकडे.