येरबोल गिऱ्हाईक नव्हता

घरच्यांच्या लेखी ओयदिन कझाकस्तानात, अल्माटीत नान भाजायला गेली होती. खरं तर उझबेकिस्तानातल्या नमनगानची ही पोर बाजारामागच्या हमामात गिऱ्हाइकं घेई. पण निरोधाच्या बाबतीत कडक. दुप्पट देतो म्हणणाऱ्यालाही ती दार दाखवी. निरोध वाटायला येणारी सलोमत ओपा, म्हणजे सलोमतताई, कधीकाळी याच धंद्यातली. आता एचआयव्हीच्या गोळ्या खायची. म्हणायची, "तुझी मला काळजीच नाही गं."

मग ट्रकवाला येरबोल आला. आधी गिऱ्हाईक म्हणून, मग खरबूज घेऊन, मग तिच्या ठणकत्या दाढेवर औषध घेऊन. तिसऱ्या महिन्यात त्याने निरोध बाजूला सारला.

"मी काय त्यांच्यातलाच एक वाटतो तुला?"

तिला नाही म्हणवेना. कुणीतरी त्यांच्यातलं नसावं, एवढंच तर तिला हवं होतं.

ओपाच्या ते लक्षात आलं. "तपासून घे, बये."

"पासपोर्ट मागतील. इथे राहायची नोंदणी संपलीय माझी."

"आमच्या तपासणीच्या गाडीत नावही विचारत नाहीत."

"येरबोल तसा नाही, ओपा."

"माझाही नव्हता."

वर्षभर तिने टाळलं. ताप हटेना, तेव्हा गाडीत चढली. एचआयव्हीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. पुढे दवाखान्यानेही तेच सांगितलं.

"धंद्यातून आणलंस आणि माझ्या गळ्यात बांधतेस?" तिने फोनवर सांगताच येरबोल खेकसला आणि त्याने फोन बंद केला. आपल्यामुळेच त्याला लागण झाली असणार, असं ओयदिनला खरंच वाटलं. त्याची बायको पोटुशी होती. एकदा त्याने ओयदिनच्या फोनवरून घरी फोन केला होता. तोच नंबर तिने लावला.

"ताई, दवाखान्यातून बोलतेय. तुम्ही एकदा रक्त तपासून..."

"कुठला दवाखाना?" बाई थकल्या आवाजात म्हणाली. "चार वर्षं गोळ्या घेतेय मी. तो घेत नाही. घेतल्या की आजारी ठरतो म्हणे." मग तिने विचारलं, "वय काय तुझं?"

"सव्वीस."

"चुकवू नकोस हो गोळ्या. सुरुवातीला मळमळतं."

ओयदिनने गोळ्या सुरू केल्या. दोनच महिन्यांत, भाजी घेताना पोलिसांनी कागद मागितले आणि तिला नमनगानला धाडलं. तिथे गोळ्या देणारी नर्स मावशीच्या गल्लीतली निघाली. दोनदा ओयदिन दारातून परतली. तिसऱ्यांदा आत गेली, आणि सगळ्यांच्या समोर मोठ्याने आपलं नाव सांगितलं.

त्या संध्याकाळी आईने तिची चहाची पियाली वेगळी ठेवली. ओयदिनने तीतच चहा घेतला आणि गोळी गिळली.