मामेसासऱ्यांची न निघालेली कॅसेट

वसईच्या खाडीपासून वैतरणेच्या पुलापर्यंत आमच्या पिढीतले जेवढे संसार धड चालले ते सगळे आपल्या गिटारमुळे चालले, आणि जे मोडले ते ऐन लग्नात वीज गेल्यामुळे मोडले, असं माझ्या मामेसासऱ्यांचं ठाम मत होतं. मामेसासरे म्हणजे बायकोचे मामा. नुसता शब्द ऐकला की डोळ्यांसमोर पांढरा लेंगा, हातात रोझरीची जपमाळ आणि दर दोन वाक्यांमागे खोकला येतो. आमचे मामेसासरे चामड्याचं जाकीट घालत. तेही मे महिन्यात, त्यांच्या वटार गावच्या मांडवात, पत्र्याखाली. केस मानेवर, पँट इतकी घट्ट की मामी म्हणायची, "ही घालायला एक माणूस लागतो आणि काढायला चार."

तरुणपणी मामा मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये रॉक वाजवत. पुढे त्या बँडमधला कोण गल्फला गेला, कोण बोटीवर लागला, कोण कॅनडात जाऊन विमा विकू लागला; मामांचे वडील वारले, म्हणून ते पानवेलींची वाडी बघायला आठवड्यासाठी गावी आले आणि कायमचे राहिले. सकाळी पानवेलींना पाणी आणि दुपारी त्यांनाच गिटार. शेजारी म्हणत, ह्या वाडीतलं पान जरा जास्तच तिखट लागतं. वाडीचा पंप आणि मामांचा अ‍ॅम्प्लिफायर एकाच तारेवर असल्यामुळे मामांनी वरच्या पट्टीत सोलो घेतला की पंप कण्हून बंद पडे. खालच्या आळीतल्या बायका कोरड्या नळाकडे बघून म्हणत, "चढला वाटतं मामा वर!" अ‍ॅम्प्लिफायर जुना, व्हॉल्व्हचा, तापला की वरचं लाकूड चांगलं ऊबदार होई. पावसाळ्यात मामी त्यावर बोंबील पसरून ठेवी. त्यामुळे लग्नात पहिलं गाणं सुरू झालं की मांडवातली झाडून सगळी मांजरं स्टेजसमोर येऊन बसत. मामा त्यांना वाकून नमस्कार करीत आणि मला सांगत, "फॅन आहेत."

ह्या घराशी माझी ओळखच शेवयांवरून झाली. लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा मामांकडे गेलो तेव्हा घरात कोणी दिसेना. चुलीवरच्या पातेल्यात काहीतरी रटरटत होतं. भावी जावई म्हणून हक्काने झाकण उघडलं, तर आत शेवया! छान सुट्या, जराही चिकटलेल्या नाहीत. मी कौतुकाने ताटलीत वाढून घेतल्या आणि पहिला घास दाताखाली घेतला तेव्हा मामा दारात उभे होते. ते अगदी शांतपणे म्हणाले, "जावई, ती खालची जाड आहे ना, ती ई-स्ट्रिंग. ती तेवढी ठेवा." गिटारच्या जुन्या तारा उकळल्या की त्यांतला मळ सुटतो आणि आवाज पुन्हा नवा होतो, हे ज्ञान मला एका दाढेच्या मोबदल्यात मिळालं.

लग्नानंतर त्यांनी मला बँडमध्ये घेतलं. मी शाळेत गणित शिकवतो, म्हणून मला चारपर्यंत मोजता येईल असा त्यांचा समज झाला असावा. माझ्याकडे टॅम्बोरिन, म्हणजे चकत्यांची खंजिरी, दिली. तीन लग्नांतच मामांच्या लक्षात सगळं आलं, आणि चौथ्याला स्टेजवर चढताना त्यांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "जावई, तुम्ही फक्त हलवा. वाजवू नका." तेव्हापासून मी टॅम्बोरिनच्या चकत्यांत कापूस घालून वाजवत असे. माझी तारीफ सुरू झाली ती त्यानंतर.

पण मामांची खरी कीर्ती गाण्यांची. लग्नाआधी पंधरा दिवस ते नवरीच्या घरी जाऊन ओट्यावर बसत आणि कॉफी पीत तिला भलतंसलतं विचारत. लहानपणी कुठल्या झाडावरून पडलीस? आई स्वयंपाकघरातून काय म्हणून ओरडते? कुठला सण आला की तुला रडू येतं? त्यातून गाणं तयार होई, घरच्या बोलीत आणि ठेक्याला अस्सल रॉक. पेले उंचावून वधूवरांचा टोस्ट झाला, केक कापला, की मामा ते गाणं वाजवत. नवरी आधी हसे, मग रडे, आणि मग तिची आई रडे. आणि ते गाणं मामा पुन्हा कधीही, कुठेही वाजवत नसत. कोणी कितीही गळ घातली तरी नाही. "हा आहेर आहे," ते म्हणत. "एकीला दिलेलं पातेलं दुसरीच्या लग्नात देतोस का तू?" माझ्याच लग्नात, आदल्या दिवशी उंबराच्या पाण्याला, म्हणजे आंघोळीच्या विधीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणताना, बँडपुढे नाचता नाचता मी विहिरीजवळच्या चिखलात बसलो होतो. दुसऱ्या दिवशी बायकोच्या गाण्यात त्या चिखलाचं अख्खं कडवं आलं. बायकोला बाकीचं गाणं आठवत नाही. ते कडवं आठवतं.

अशाच एका लग्नात, नाताळानंतरच्या हंगामात, नवऱ्याकडच्या पाहुण्यांमध्ये कॅसेट कंपनीतले एक साहेब आले होते. नवरी होती वटारचीच रेजिना, नवरा कामणच्या गोदामांना माल पोचवणारा टेम्पोवाला, हसरा पोरगा. रेजिनाचं गाणं सुरू झालं आणि ते साहेब हातातली प्लेट विसरले. मलाही त्या दिवशी कापूस काढून टाकावासा वाटला होता, इतकं ते चांगलं होतं. गाणं संपल्यावर साहेब स्टेजच्या मागे आले.

"काका, हे तुमचं आहे? कुठून उचललेलं नाही ना?"

"उचलायला वाकावं लागतं साहेब," मामा म्हणाले. "ह्या पँटमध्ये नाही जमत."

साहेब म्हणाले, अशी दहा गाणी आणा, कॅसेट काढतो. मराठीत रॉक कोणी केलेलं नाही. पण पहिलं गाणं हेच पाहिजे, ह्याच्यावरच कॅसेट चालेल. मामांनी ते साहेबांकडून दोनदा वदवून घेतलं. हॉटेलात होते तेव्हा कुणाकुणाच्या रेकॉर्डवर त्यांनी गिटार वाजवली होती, पण वेष्टनावर त्यांचं नाव कधी छापून आलं नव्हतं. हे दुःख ते कधी बोलून दाखवत नसत. मामी दाखवायची. "ह्यांचं नाव छापलेलं मी एकदाच पाहिलंय," ती म्हणायची. "आमच्या लग्नपत्रिकेवर."

मग काय! वेष्टनासाठी केळीच्या बागेत फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं. मी काढला. गिटार सुंदर आली, जाकीट सुंदर आलं, डोकं आलंच नाही. मामा बराच वेळ फोटो न्याहाळून म्हणाले, "चालेल. बँडवाल्याचं डोकं कोण बघतो?" आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. आणि मग एका रविवारी चर्चमधल्या मिस्साहून येताना ते रस्त्यातच थांबले. "पण गाणी माझी कुठायत?" ते म्हणाले. "मी तर ती देऊन टाकलीत."

हे मामीला सांगितल्यावर ती म्हणाली, "मग मागून या. तोंड आहे ना?"

"आहेर परत मागायचा?"

"परत कशाला? मागणी घाला. मुलगी दिली म्हणून आईबापाची मुलगी नाहीशी होते का?"

तो उन्हाळा आम्ही गाण्यांना मागण्या घालत फिरलो. पुढे मामा, मागे मी, माझ्या मांडीवर टेपरेकॉर्डर आणि स्कूटरच्या हँडलला प्रत्येक घरासाठी वेलची केळ्यांची फणी. रीतसर ओट्यावर बसायचं, पाणी घ्यायचं, इकडचं तिकडचं बोलायचं आणि मग मामांनी घसा साफ करून विषय काढायचा. शिवाय मामांना स्वतःला चाली नीट आठवत नव्हत्या, म्हणजे नुसता होकार पुरत नव्हता, गाणं म्हणूनही घ्यावं लागे. एकीला फक्त "ला ला ला" आठवत होतं. एकीच्या नवऱ्याने छातीठोकपणे अख्खं गाणं म्हणून दाखवलं, ते सिनेमातलं निघालं. एकीची सासू म्हणाली, "न्या, न्या. त्यात मला कजाग म्हटलंय, ते तेवढं गाळा." माझ्या बायकोने अर्थातच चिखलाचं कडवं दिलं.

कोळीवाड्यातली एक ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसली होती. तिने गाणं विचारताच म्हणून दाखवलं, पण संथ, अंगाईसारखं. "पोरं ह्याच्यावरच झोपवली मी," ती म्हणाली. "घ्या की मामा. गानं काय पानी हाय, काढलं की आटायला?" मामांनी मान खाली घालून ते पुन्हा म्हणायला लावलं. बाहेर आल्यावर स्कूटरला किक मारायची विसरून म्हणाले, "मी केलं तेव्हा ते घाईत होतं. हिने त्याला बसायला शिकवलं." त्या दिवसानंतर मामा जरा कमी जोरात वाजवू लागले. खालच्या आळीला पाणी नियमित मिळू लागलं.

रेजिनाचं गाणं आम्ही शेवटी ठेवलं होतं. ते एकच मामांना पुरतं आठवत होतं, आणि तिचं सासर तर जवळच्याच गावात. आज जाऊ, उद्या जाऊ. पाऊस सुरू झाला आणि कामणच्या रस्त्यावर तिच्या नवऱ्याचा टेम्पो उलटला, तो वाचला नाही. ती माहेरी परत आली. मामांनी गिटार पेटीत ठेवून दिली. नाताळ जवळ आला तेव्हा साहेबांचे निरोपावर निरोप येऊ लागले आणि मामीनेच एकदा म्हटलं, "जाऊन तर या. नाही म्हणाली तर केळी ठेवून या."

त्या दिवशी मामांनी जाकीट घातलं नाही, पांढरा शर्ट घातला. रेजिना ओट्यावर शिवणयंत्रापाशी बसली होती. तिने पाणी दिलं, कॉफी दिली, केळी आत ठेवून आली. मामा हवापाण्याचं बोलले, पानवेलींवरच्या रोगाचं बोलले आणि मग त्यांचं बोलणं संपलं. शेवटी तीच म्हणाली, "मामा, कॅसेटचं काय झालं? सगळा गाव सांगतो."

मामांनी कप तोंडाला लावला. जिथे गप्प बसायचं तिथे मी नेमका बोलतो. मी म्हटलं, "तुझंच राहिलंय."

तिने यंत्राचं चाक हाताने थांबवलं. "कॅसेट निघाली की ते रिक्षात वाजणार ना? बाजारात, हॉटेलात?"

"चाललं तर वाजेल," मी म्हटलं.

"मग मी काय करू, मामा? भाजी घेता घेता कानावर आलं तर मी कुठं जाऊ?"

मामांनी कप खाली ठेवला. "नाही वाजणार," ते म्हणाले, आणि मग दुसऱ्या कुठल्या तरी विषयावर पुष्कळ वेळ, हसवत हसवत बोलले. तीही थोडी हसली.

परतताना मी मागून बडबडत होतो. शब्द बदलू, चाल थोडी फिरवू, तिला कळणारही नाही. मामांनी स्कूटर थांबवली, मागे न बघता म्हणाले, "जावई, आपण मागणी घालायला गेलो होतो. उचलून आणायला नाही." आणि स्कूटर पुन्हा सुरू केली. उरलेली गाणी त्यांनी साहेबांना ऐकवली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "ते लग्नातलं नाही का?" तिथेच ते संपलं.

मामांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, पण स्टेशनजवळच्या कॅसेटच्या दुकानापुढे ते उभे राहत. आत जात नसत. मांडणीत नावांच्या रांगा असत, तिथे आपलं नाव जिथे बसलं असतं त्या जागेकडे बघत आणि मग मला म्हणत, "चला, बोंबील घ्यायचेत." वर्षं गेली. लग्नांत डीजे आले, त्यांच्या खोक्यांसमोर मांजरं काही बसेनात. वाडीशेजारी इमारती उठल्या, कॅसेटच्या दुकानात मोबाइलची कव्हरं लागली. मामांचा डावा हात थरथरू लागला. एकदा वेलींना पाणी देता देता त्यांनी मला एकदम एकेरीत विचारलं, "चुकलो का रे मी?" मी गणिताचा मास्तर. मी वेली मोजू लागलो.

आणि दोन-तीन वर्षांमागे एका रविवारी मिस्सा सुटल्यावर रेजिना घरी आली. केस पांढरे होऊ लागलेले, डोळ्यांना चष्मा. ती मामीला म्हणाली, "मामा आहेत?" आणि मामा दिसताच उभ्या उभ्याच म्हणाली, "मामा, आता वाजलं तर चालेल. बाजारात वाजलं तरी चालेल. नवऱ्याचा आवाज मला आता आठवत नाही. गाणं आठवतं, पण मधलं गेलं. तेवढं सांगा."

मामांनी गिटार मागितली. मामीने पुसून दिली. बोटं तारांवर नीट टेकत नव्हती, तरी सुरुवात लागली, आणि ती त्यात मिसळून गाऊ लागली. मग मधलं कडवं आलं आणि दोघंही थांबली. मामांनी डोळे मिटले. पुन्हा सुरुवातीपासून घेतलं, पुन्हा तिथेच अडलं. मामीने एक ओळ सुचवली, ती दुसऱ्याच कुणाची निघाली. मी काही सुचवलं नाही. तेवढं एक मी आयुष्यात नीट केलं.

तिसऱ्या वेळी मामा थांबले नाहीत. मधलं कडवं जिथे यायचं तिथे त्यांनी तारांवर तळवा ठेवला आणि पायाने नुसता ठेका धरला. रेजिनाही ओठ मिटून त्या ठेक्याकडे बघत राहिली. जेवढं ते कडवं होतं तेवढा वेळ दोघांनी जाऊ दिला, आणि मग शेवटचं कडवं बरोबर, एकाच श्वासात उचललं.