काळा कोट

डांबरगोळ्यांचा वास आला की वडिलांचा काळा कोट आठवतो. ते वारल्यावर अहमदपूरच्या एका नटानं म्हाताऱ्याच्या भूमिकेसाठी तो मागून नेला. त्यानं वडिलांना कधी पाहिलं नव्हतं. लातूरच्या प्रयोगात मात्र त्यानं बशीत चहा ओतला, डावा खांदा उडवला आणि तीनदा फुंकर मारली, थेट वडिलांसारखी. शेजारी बसलेली आई पुटपुटली, “आले बघ.” नंतर विचारलं, तर नट घाबरूनच म्हणाला, “तालमीत असं न्हाई केलं, दादा. कोट घातला आन् हात आपोआप चालायला लागले.” आता तो मालिकांमध्ये कधी फौजदार असतो, कधी पुढारी, कधी महाराज, दर वेळी निराळाच माणूस. पण तो दिसला की आई टीव्हीपुढं बशीत चहा ओतून ठेवते. बशी रिकामी झाली का, हे मी बघायला जात नाही.