दादाने मागितलेले आठ दिवस

माझ्या भावाला भर भातात मारलं. आमच्याच काकाच्या पोराने, रमेशने.

आज वर्ष झालं. लोक सांगतात, "ताई, आता सोडून दे."
काय सोडू?

दादा भातावर पीएचडी करायला फिलिपिन्सला गेला. परत आला तेव्हा आमच्या गावात, उधव्यात, लोक हसले. "फॉरेन रिटर्न, आणि परत चिखलातच?"

संशोधन केंद्रात नोकरी लागली, पण त्याच्या प्रयोगाला जागा मिळेना. मग आमच्या आणि काकाच्या सामाईक खाचरात त्याने स्वतःची ट्रायल लावली.

आपलं गावठी भात चवीला एक नंबर. पण पिकलं की जरा वाऱ्यानेही झडतं. दादाला न झडणारं हवं होतं. त्यासाठी वर्षानुवर्षं वेगवेगळ्या वाणांचे क्रॉस करत बसला.

आणि तपासायचं कसं? पिकलं तरी कापायचं नाही. झडू द्यायचं. जे टिकेल ते आपलं.

रमेशला दिसलं एवढंच, की गावाचं भात खळ्यावर गेलं आणि आमचं मातीत पडतंय. कणसरी म्हणजे आमची धान्याची देवी. दाणा तुडवला की तिला तुडवलं.

"कणसरी पायाखाली जातेय, आणि तू बघत बसलास?"
कोयता घेऊन तो भात कापायला उतरला.

दादा आडवा आला. "आठ दिवस थांब रे. माझा वाटाही तू घे."

"तुझं शिक्षण घाल चुलीत."

दोघं भातातच लोळले, एकमेकांचं नरडं धरून. दादानेही मारलं, खोटं कशाला बोलू. रमेशचा दात पाडला त्याने.
मग कोयता मानेवर बसला.
मी बांधावरून धावत पोचले तेव्हा दादा संपला होता.

रमेश तुरुंगात आहे. तिथेच सडू दे. काकी समोर आली की मी तोंड फिरवते, आणि फिरवणारच.

पोलीस गेल्यावर मी खाचरात बसले. ते दोघं लोळले तिथलं सगळं भात चिरडलेलं, लोंब्या रिकाम्या.
एक ओळ सोडून.
तीही आडवी झाली होती, रक्ताने माखली होती. पण दाणे जागेवर होते.

मी त्या लोंब्या हाताने तोडल्या. धुतल्या. वाळवल्या.

यंदा तेच बी त्याच खाचरात लावलं. आता पिकलंय. शेजारी म्हणतात, "ताई, कापून घे."

आठ दिवस थांबणार आहे मी. कोयता घेऊन बांधावर बसलेय, बघू कोण उतरतंय ते.

तू झोप, दादा.