केबिनमध्ये अनवाणी

"डोळे मिटा आजी, आणि पायाला काही लागलं की 'हो' म्हणा," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

मी मिटले. माजिवड्याजवळच्या त्या हॉस्पिटलात एसी असा की अंगावर काटा यावा. मी आपली वाट बघतेय. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला, कुणाचं तरी पोर रडलं, गप्प झालं. मला वाटलं, मॅडमना फोन आला असणार. शेवटी मीच म्हटलं, "मॅडम, करा की सुरू."

"झालं आजी. उघडा डोळे."

त्यांच्या हातात जाड नायलॉनच्या दोऱ्यासारखी एक काडी होती. दोन्ही तळव्यांना जागोजागी दाबून झालेली. मी एकदाही हो म्हटलं नव्हतं. माझी सून वैशाली बाजूला उभी होती. तिचा चेहरा बघितला तेव्हा मला कळलं, आपलं काहीतरी मोठं बिनसलंय.

याला न्यूरोपथी म्हणतात. वर्षानुवर्षं रक्तात साखर राहिली की पायाच्या नसा मरतात. पाय दिसतो, चालतो, पण त्याला भाजलं, चिरलं, खुपलं, तर त्याची खबर डोक्यापर्यंत येत नाही. मला साखर आहे हे ठाऊक होतं. गोळी घ्यायचे, आणि गोळी घेतली म्हणजे आंबा खायला मोकळी, असं माझं गणित.

आम्ही हॉस्पिटलात गेलेलो डाव्या तळव्याच्या जखमेसाठी. तीही मला दिसली नव्हती. वैशाली लादी पुसत होती, म्हणाली, "आई, तुमच्या पावलाचे ओले ठसे उमटतायत. न्हाणीतनं आलात का?" मी तर न्हाणीकडे फिरकलेही नव्हते, खुर्चीतनं उठून खिडकीपर्यंतच गेलेले. पाय उलटा करून बघितला तर अंगठ्याखाली मोठा फोड फुटलेला.

"हे भाजल्याचं आहे," मॅडम म्हणाल्या. "काम काय करता?"

"पोकलेन चालवते."

त्यांनी वैशालीकडे बघितलं. सगळे असंच बघतात. पोकलेन म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर चालतं ते खोदायचं मोठं मशीन. आमच्या ह्यांचं आहे. त्यांच्या कमरेची गादी सरकली आणि ते कायमचे खाली उतरले. भाड्याचे ऑपरेटर टिकेनात. मी डबा घेऊन जायचे ती बघत बसायचे. पन्नाशी उलटल्यावर एक दिवस आंबिवलीच्या मोकळ्या प्लॉटवर स्वतःच चढले. ह्यांनी खालून शिव्या घालत शिकवलं. आज मी सदुसष्टची आहे.

"आणि काम करताना पायात काय असतं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही. केबिनमध्ये चप्पल कशी घालायची?"

आता हे आमच्यातल्यांनाच कळेल. केबिनमध्ये गणपतीची तसबीर असते, सकाळी उदबत्ती फिरते. मशीन म्हणजे लक्ष्मी. देवघरात जसं कुणी चप्पल घालून शिरत नाही, तसं केबिनमध्ये चढत नाही. चप्पल खाली काढायची, नमस्कार करायचा, मग चढायचं. ह्यांनी हा नियम ऑपरेटरांना घालून दिला, मलाही दिला. त्या मे महिन्यात मी खालची रबरी मॅट धुऊन वाळत टाकलेली, आणि दिवसभर उघड्या पत्र्यावर पाय ठेवून बसले. ऊन काचेतनं येणार, खालून मशीनची धग. धडधाकट माणसानं क्षणात पाय उचलला असता. माझा पाय तिथेच शिजत होता आणि मी गाणं गुणगुणत होते.

घरी येऊन वैशालीनं ह्यांना सगळं सांगितलं. हे दुसऱ्या दिवशी बाजारात गेले आणि माझ्यासाठी बूट घेऊन आले. पलंगाखाली नीट मांडून ठेवले.

"अगो, हे घालून चढ यापुढे. देवाला मी सांगतो."

पण तोवर डाव्या पायाला भलंमोठं बँडेज होतं.

पुढचे दिवस मी थोडक्यात सांगते, कारण ते दिवस एकमेकांसारखेच होते. डिब्रीडमेंट झालं, म्हणजे मेलेलं मांस कापून काढणं. लोक विचारायचे, दुखलं का गं? दुखलं नाही, हाच तर आजार. पाय खाली टेकवायचा नाही असा हुकूम झाला. मग एमआरआय. त्या बोगद्यात मला घातलं तेव्हा पहिल्यांदा मी घाबरले. केबिनमध्ये कितीही तास बसेन, पण तिथे हातात लिव्हर असतात. इथे हात बांधल्यासारखे आणि डोक्यावर नुसती ठकठक.

त्यात निघालं ऑस्टिओमायलायटिस. जखमेतला पू हाडात उतरला होता. आधी अंगठा काढला, मग बाजूचं बोट. जखम भरायची सोडून टाचेकडे सरकत राहिली. एके सकाळी मॅडम माझ्या पलंगावरच बसल्या.

"आजी, घोट्याखाली वाचवण्यासारखं काही राहिलं नाही. आता काढला तर गुडघा तुमचा राहील. थांबलो तर गुडघाही जाईल. गुडघा असला की माणूस पुन्हा चालतो."

मी विचारलं, "चढतो का?"

"कशावर?"

"मशीनवर."

त्या म्हणाल्या, "आधी ताप उतरू दे." ते उत्तर नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं. मी सही केली. बिलो नी अँप्युटेशन, म्हणजे गुडघ्याखालून पाय काढणं. मी ते तीन शब्द मुद्दाम पाठ केले. आपलं काय कापतायत त्याचं नाव तरी आपल्याला यावं.

आता खरी कैद सांगते. हॉस्पिटल ही कैद नाही, तिथे माणसं असतात. आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर चढवलं. पुढे माझा मुलगा निलेश, मागे वॉचमन, आणि हे जिन्यावर उभे राहून हातवारे करतायत, "लेफ्ट घे, लेफ्ट! भिंतीला घासेल! अजून उचल!" जसं काही मला नाल्यात उतरवतायत. मी म्हटलं, "अहो, हॉर्न पण मारा." तेवढंच हसलो. दार लागलं, आणि मी त्या दोन खोल्यांची झाले.

सकाळी पलंग ते खिडकी, दुपारी खिडकी ते पलंग. वॉकर न्हाणीच्या दारात अडकायचा. बाजूची जुनी बिल्डिंग पाडून तिथे पाया खोदणं चाललेलं. म्हणजे माझ्या खिडकीसमोर दिवसभर पोकलेन, आणि त्यावर भलताच कोणीतरी. बकेट, म्हणजे माती उपसायचं पुढचं खोरं, आपटायचा मेला. कडेची माती आधी काढून बसायचा आणि मग ती ढासळली की बघत राहायचा. मी खिडकीतनं ओरडायचे, "अरे, मागे घे आधी!" त्याला कुठलं ऐकू जातंय? वैशाली पडदा ओढायला आली की मी तिच्यावर खेकसायचे. उघडा ठेवला तरी रडायला यायचं.

आणि तो गेलेला पाय! त्याचं काय सांगू! असताना जो कधी काही बोलला नाही, तो गेल्यावर ठणकायला लागला. नसलेल्या अंगठ्यात सुया टोचायच्या. मला वाटलं डोकं फिरलं, म्हणून कितीतरी दिवस कुणाला बोलले नाही. तुमच्या घरात कुणाला असं झालं तर गप्प बसू नका. याला फँटम पेन म्हणतात, नसलेल्या अवयवाचं दुखणं. ते खरं असतं. मॅडमनी दोन पायांमध्ये आरसा उभा धरायला लावला. आरशात उजवा पाय डाव्याच्या जागी दिसतो, तो हलवायचा. ह्यांच्या दाढीचा आरसा छोटा पडला, म्हणून वैशालीनं कपाटाचा काढून दिला. हळूहळू ठणका कमी झाला. पुरता नाही.

निलेशला मी दोष देत नाही. आईला खुर्चीत घालून जिना उतरवणाऱ्या मुलाला काय वाटतं, ते त्यालाच माहीत. एक दिवस जेवताना तो म्हणाला, "आई, मशीन विकून टाकू. भिवंडीची पार्टी आहे. आंबिवलीला गंजत उभं आहे नुसतं."

"आणि मी?"

"तू आराम कर की. आयुष्यभर राबलीस."

आराम! त्या खिडकीत बसून! माझ्या वयाच्या बायका देवळात जातात, भिशीला जातात. मला लिव्हर धरल्याशिवाय आपण जिवंत आहोत असं वाटत नाही, त्याला मी काय करू? मशीन गेलं असतं तर मी त्या दोन खोल्यांतनं थेट चौघांच्या खांद्यावरच उतरले असते.

मी म्हटलं, "पाय बसला की एकदा चढून बघते. माझी मी चढले-उतरले तर ठेव. नाही जमलं तर तुझ्या पार्टीला मीच चहा करून देईन."

हे म्हणाले, "लिहून घे रे तिच्याकडनं. शब्द फिरवते ती." पण हसत नव्हते.

पाय बसला. प्रोस्थेसिस म्हणतात, नकली पाय. बनवणाऱ्या भाऊंनी एकच मंत्र दिला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना नकली आधी. खोबणीत गुडघ्याखालचं कातडं सोलायचं, मोज्यावर मोजे चढवायचे. जिना मी बसून उतरायला शिकले, मग उभी राहून. मॅडमना मी त्यांच्या टेबलावर हात ठेवून दाखवलं: ही डावी लिव्हर, ही उजवी, आणि पुढे-मागे जायच्या पेडलना हातानं ओढायचे दांडे असतात. पायाचं काम नाही.

"मग माझी ना नाही," त्या म्हणाल्या. "पण साखर तपासल्याशिवाय चावी फिरवायची नाही. घाम सुटला, हात थरथरला की बकेट खाली टेकवा, मशीन बंद करा आणि गोड खा. मशीनखाली दुसऱ्याचं पोर उभं असतं, आजी. आणि उजवा पाय मला दर महिन्याला दाखवायचा."

तुम्हालाही तेच सांगते. साखर असेल तर रोज तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवून बघा. अनवाणी फिरू नका, देवळातही मोजे घाला. देव रागावत नाही, जखम रागावते. त्या मॅडमचे, वैशालीचे आणि खुर्ची उचलणाऱ्या वॉचमनचे माझ्यावर असे उपकार आहेत की ते फेडायचा विचारही मी करत नाही.

मग आंबिवलीचा दिवस आला. निलेश, हे आणि मी. मशीनच्या पट्ट्यावर आधी पाय ठेवायचा, मग केबिन. मी बूट घालूनच नमस्कार केला, दाराजवळचा दांडा धरला आणि चांगला पाय आधी टाकून वर गेले. माझ्या दंडात अजून जोर आहे. चावी फिरवली. ते मशीन खोकलं, थरथरलं, आणि माझ्या पाठीतनं जे काही गेलं ते मला लिहिता येत नाही. प्लॉटवर निलेशनं सांगितलेला चर मी सरळ रेषेत खणला. हे खाली स्टूलावर बसून काही म्हणजे काही बोलले नाहीत. ह्यांच्याकडनं याहून मोठी शाबासकी नाही.

मशीन बंद केलं. उतरायला उलटी फिरले आणि नकली पाय खाली सोडला.

तो कुठे टेकला ते मला कळेना. चढताना डोळ्यांनी दिसतं. उतरताना पोट आडवं येतं. नकली पायाला समज नाही, वरच्या खऱ्या पायालाही नाही. मी दांड्याला लोंबकळत हवेत चाचपडत राहिले. पट्ट्यावरनं तो दोनदा सटकला. मग मी वर चढून सीटवर बसले.

"आई, राहू दे," निलेश म्हणाला. "पलीकडच्या साइटवरची माणसं बोलावतो. उचलून घेतील."

काचेमागे मी बसून होते. ऊन भाजत होतं. खाली जमीन, पुरुषभर अंतरावर, आणि मी तिथे जाऊ शकत नव्हते. मला सगळं पुढचं दिसलं: चार माणसं मला पोत्यासारखी खाली घेणार, भिवंडीची पार्टी येणार, मी चहा करणार. निलेश खरंच चालायला लागला होता.

समोर माझाच मातीचा ढीग पडलेला. मी त्याच्याकडे बघत राहिले.

चावी फिरवली. निलेश थबकला. मी बूम, म्हणजे मशीनचा लांब हात, डावीकडे फिरवला, बकेट भरली आणि माती पट्ट्याच्या कडेला, दाराच्या बाजूला ओतली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. बकेटच्या पाठीनं दाबली, थोपटली, जशी अंगणात ओटा घालताना थोपटतात. पट्ट्याच्या उंचीचा सपाट माथा केला आणि पुढे लांब उतार काढला. बूम सरळ करून टेकवला, मशीन बंद केलं.

आता केबिनमधून पट्ट्यावर एकच पायरी होती. ती मी बसून उतरले, लाज न धरता, ढुंगण घासत. पट्ट्यावर उभी राहिले, मातीवर पाऊल टाकलं. माती दबली, पण राहिली. दांडा सोडला. माझी मी चालत खाली आले.

निलेश कमरेवर हात ठेवून उभा होता.

हे स्टूलावरनं उठले, काठी टेकत आले, ओट्याला काठीनं टोचून बघितलं. "अगो, उतार जरा जास्तच उभा झालाय."

"उद्या कमी करते," मी म्हटलं.