माणसं बसवून आणा

मल्हारीनानांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या पाठीमागे, उभ्या केलेल्या व्हॅनकडे पाहिलं. ती रिकामी आहे याची खात्री झाल्यावर म्हणाले, "माणसं कुठंयत?"

"कोणती माणसं?"

"हिच्यात बसणारी."

मी सांगितलं, माणसं घरी आहेत, मला फक्त टायर बदलायचे आहेत. नाना हातातलं काम सोडून कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "रिकाम्या गाडीचं काय बघू, साहेब? जा. माणसं बसवून आणा."

वाळूजच्या कंपनीत माझ्या हाताखाली चाळीस माणसं होती, पण या काळ्या, किडकिडीत, पांढरं मुंडासं बांधलेल्या माणसापुढे माझी मान मुकाट्याने हलली. जालना रोडवरून गारखेड्याला परत गेलो आणि पुढच्या रविवारी सगळं घर व्हॅनमध्ये घालून आणलं. आई, बायको, धाकटा भाऊ वसंता आणि दोन्ही मुली. आई देवदर्शनाला निघाल्यासारखी नऊवारी नेसून आली होती. तिची जागा ठरलेली, मागच्या सीटवर डावीकडे, खिडकीशी.

नाना प्रत्येक चाकापाशी उकिडवे बसले. जमिनीला टेकलेला टायर ओझ्याखाली किती फुगतो ते डोळे बारीक करून बघितलं, मग डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवला. आईला म्हणाले, "आजी, जरा उजव्या अंगाला सरका." आई सरकली. "आता परत डावीकडं." आईला या प्रकाराची इतकी गंमत वाटली की घरी येईपर्यंत ती पदर तोंडाला लावून हसत होती.

नाना धनगराचे. दौलताबादच्या पायथ्याशी त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. चराईची रानं एकेक करून गेली, कुठे प्लॉट पडले, कुठे कारखान्याची भिंत आली, आणि मेंढरं विकून नाना शहरात आले. पण नजर तीच राहिली. कळप वाड्यात शिरताना दाराशी बसून वडील प्रत्येक मेंढराच्या पाठीवरून हात फिरवायचे, पोट बघायचे. पोट बसलेलं दिसलं की ते जनावर उपाशी किंवा आजारी. नाना टायरही तसेच बघत; ओझ्याखाली खालून फुगला की हवा कमी, म्हणजे तो उपाशी. हवेचं मीटर दुकानात होतं, त्यावर धूळ होती. आकडे त्यांना वाचता येत नव्हते आणि त्याची त्यांना कधी अडचणही वाटली नव्हती.

टायर निवडायला ते महिना महिना लावत. पोरीला स्थळ बघावं तशी चिकित्सा. "उन्हाळ्यात डांबर पाघळतंय, पावसात काळी माती चिकटती, थंडीत पहाटं रबर कडक व्हतंय. एका टायरनं तिन्ही मोसम निघायला पायजेत. घाई करू नका." आणि खरोखर, त्यांनी निवडलेले पहिले चार टायर आमच्याकडे चार वर्षं कुरकुर न करता चालले.

ती वर्षं शहरात धड शांततेची नव्हती. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पेटला, विझला, पुन्हा पेटला. खेड्यांत दलितांची घरं जळाली होती, माणसं गेली होती. त्याच्या जखमा ताज्या असतानाच मोर्चे निघत, बंद होत, रस्ते अडवले जात. रस्ता अडवायचा म्हणजे टायर जाळायचा, आणि टायर हवा म्हणजे नानांच्या दुकानामागचा ढीग. कधी या बाजूची माणसं येत, कधी त्या बाजूची. नाना बाजेवर बसून नुसते बघत. मी एकदा विचारलं, "नाना, तुम्हाला काय वाटतं?"

"द्या की नाव. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव, त्यात कुणाचं काय जातंय?" मग जळत्या टायरच्या धुराकडे बघत म्हणाले, "रबर इझून जातंय, साहेब. घर जळालं त्या माणसानं काय करावं?"  

त्याच सुमारास आमचे टायर पुन्हा गुळगुळीत झाले. लासूर स्टेशनला बहिणीच्या मुलाचं बारसं ठरलेलं. नाना म्हणाले, "थांबा, बघतो." पंधरा दिवस गेले, ते बघतच होते. इकडे कंपनीतल्या एका इंजिनियरने माझ्या डोक्यात नव्या रेडियल टायरचं खूळ घातलं. तिन्ही ऋतूंना चालतात, पकड चांगली, पेट्रोलही कमी लागतं. मी घायकुतीला आलो होतो. एका चकचकीत दुकानातून चार टायर घेतले आणि ते बसवायला, निर्लज्जपणे, नानांकडेच नेले.

नानांनी टायर पाहिले. "घेतलेत व्हय," एवढंच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्यांनी टायर बसवले, हवा भरली, आणि बारशाच्या सकाळी नेमाप्रमाणे माणसं बसवून आणायला सांगितलं. आम्ही गेलो. आई तिच्या खिडकीशी, मांडीवर बाळंतविड्याचं बोचकं.

नाना उकिडवे बसले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. रेडियल टायर ओझ्याखाली खालून थोडा फुगलेला दिसतो. तो तसाच दिसायचा असतो. टायरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलं होतं, किती हवा भरायची तेही लिहिलं होतं: तीस पौंड. मी ते आदल्या दिवशी वाचलं होतं. पुस्तिका माझ्या खिशात होती.

"पोट बसलंय," नाना म्हणाले. "चारीबी उपाशी हायत." त्यांनी कॉम्प्रेसर चालू केला आणि तो फुगवटा नाहीसा होईपर्यंत हवा भरत राहिले.

मी बोलायला हवं होतं. पण त्यांना डावलून टायर दुसरीकडून घेतल्याची बोच मनात होती. आता सगळ्या घरादेखत त्यांचा हातही खोटा ठरवायचा? माझी जीभ उचलेना. वाटलं, थोडी हवा जास्त झाली तर काय बिघडणार आहे. नानांनी टायरवर थाप मारली. "आता भरलं. जा बिनघोर."

दौलताबाद मागे टाकून आम्ही बरेच पुढे आलो होतो. आदल्या दिवशी तिथे रस्ता अडवला होता. डांबरावर जळालेल्या टायरच्या तारांची वेटोळी पडली होती आणि दगड नीट बाजूला केलेले नव्हते. एका दगडावर मागचं डावं चाक चढलं. एरवी दणका बसून भागलं असतं. तट्ट फुगलेला टायर फुटला, व्हॅन फिरली आणि रस्त्याखाली उतरली. आम्हा बाकी कुणाला फारसं लागलं नाही. आईचा खुबा मोडला.

नाना दवाखान्यात आले. मुंडासं हातात घेऊन दाराशी उभे राहिले, आत येईनात. मला बाजूला नेऊन विचारलं, "नव्या टायरासंगं पुस्तक येतंय म्हणं. त्यात किती हवा लिवली व्हती?"

"तुम्ही भरली तेवढीच," मी म्हणालो. "दगडामुळं झालं, नाना."

त्यांनी हातातलं मुंडासं डोक्याला बांधलं. मग मान हलवून निघून गेले.

आई पुन्हा चालली नाही. वर्षभर अंथरुणावर होती. नाना दर रविवारी यायचे, तिच्या खाटेशी जमिनीवर बसायचे. ती त्यांना चिडवायची, "मल्हारी, आता मला डावीकडं सरकायला सांगू नकोस बाबा." ते हसायचे आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसायचे. मी आतल्या खोलीत जायचो. आई गेली ती थंडीत, नामांतर झालं त्याच दिवसांत. शहरात कुठे जल्लोष होता, कुठे बंदोबस्त; आम्ही तिला घेऊन चाललो तेव्हा पोलिसांनी वाट करून दिली.

काही महिन्यांनी मी व्हॅन घेऊन नानांकडे गेलो. त्यांनी न सांगताच सगळ्यांना बसवून नेलं. दुकान तेच होतं, पण मीटर पुसून खिळ्याला टांगलं होतं. नाना एकेका चाकापाशी उकिडवे बसत मागच्या डाव्या चाकाशी आले आणि तिथेच राहिले. तळहात टायरवर, डोळे मिटलेले.

"हिकडं वजन नाय," ते म्हणाले.

बायकोने धाकट्या मुलीला खिडकीकडे सरकवायला तिचा हात धरला. नाना न बघताच म्हणाले, "नका सरकवू. ऱ्हाऊ द्या ती जागा."

मग ते उठले, हवेची नळी चाकाला लावली आणि मीटर माझ्या हातात दिलं. "तुमी वाचा. पुस्तकात किती हाय?"

"तीस."

"मागल्या खेपेलाबी तीसच व्हतं ना?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "होय, नाना."

 मी 'तीस' म्हणेपर्यंत त्यांनी हवा भरली. चारही चाकांची भरली. एकदाही टायरच्या पोटाकडे पाहिलं नाही. त्यानंतर त्यांनी कुणालाच माणसं बसवून आणायला सांगितलं नाही, असं मला पुढे वसंताकडून कळलं.

नाना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. पेट्रोल पंपावर हवा भरणारा "किती?" विचारतो तेव्हा मी काच खाली करून आकडा इतक्या मोठ्याने सांगतो की तो दचकतो. त्या सकाळी मला एवढंच बोलायचं होतं.