सुमनबाईंचा पळालेला जावई

सुमनबाई पोलीस ठाण्यात कधी उभ्या राहिल्या नाहीत. आत शिरल्या की खुर्ची स्वतःच ओढायच्या, फाइल थानेदाराच्या टेबलावर आपटायच्या आणि म्हणायच्या, "बसूनच बोलीन. म्या का गुन्हा केला? ज्यानं केला तो इमानात बसून गेला."

तो म्हणजे त्यांचा जावई. मोहगावच्या सासरी त्यांची एकुलती लेक वर्षा गळा दाबलेली सापडली आणि महिन्याच्या आत हा हरामखोर परदेशात.

आमच्या पांढुर्ण्यात जो तो सांगायचा, "बाई, आता सरकार आणते त्याले धरून." डोंबलाचं सरकार! चौथीपर्यंत शिकलेल्या या बाईने प्रत्यार्पण म्हणजे काय ते स्वतः समजून घेतलं. आधी इथल्या कोर्टाचं वॉरंट, मग भोपाळ, मग दिल्ली, मग त्या देशाचं सरकार, शेवटी तिथला जज्ज. तो विचारणार, हा आमच्याकडेही गुन्हा आहे का, आणि पुरावा कुठे आहे? ठाण्याने नुसतं हुंड्याचं कलम लावलं होतं. बाई भडकल्या. "हुंडा तिकडच्या जज्जाले समजत नाही, साहेब. गळा समजते. खुनाचं कलम लावा!" आणि लावायला लावलंच.

दोन वर्षांनी तिकडून नकार आला. बाई कागद घेऊन थेट माझ्या घरी आल्या. वर्षा सापडली त्या दिवशी शेजारी म्हणून मोहगावला मीच त्यांच्यासोबत गेलो होतो, पंचनाम्यावर सहीही माझीच होती.

"सर, यात लिहून राहिले का पंचनाम्यात दाराची कडी आतून होती. म्हणून जज्ज म्हणते, खून कायचा? होती का कडी?"

"नाही. दार सताड उघडं होतं."

"मंग हे काहून लिहिलं?"

थानेदार म्हणाला होता, गुरुजी, सही करा, मजकूर मागून लिहितो. आमच्याकडे भल्या माणसाने अशा वेळी साहेबाला उलट विचारायचं नसतं. मी कोऱ्या कागदावर सही केली होती. तसं सांगितलं.

बाई ओरडल्या नाहीत. माझ्याकडे बघत एवढंच म्हणाल्या, "वर्षा तुमच्याच वर्गात होती न, सर? कोरा पेपर देणाऱ्याले तुमी शून्य देत होते."

दुसऱ्याच दिवशी मी शपथपत्र लिहून दिलं. फाइल पुन्हा दिल्लीला गेली. उत्तर यायच्या आत सुमनबाई वारल्या. जावई तिकडे मोकळा फिरतोय, थानेदाराला बढती मिळाली, आणि गावात अजून मला सज्जन माणूस म्हणतात. आग लागो त्या सज्जनपणाला!